मासे नसलेला फिश टँक

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला चार गोल्डफिश आणले आणि सहाव्या दिवशी त्यांतला शेवटचा सोसायटीतल्या प्राजक्ताखाली पुरला. मधल्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस माशांचा डॉक्टर झालं होतं.

दुकानदार म्हणाला होता, "दादा, सकाळी पाणी भरा, संध्याकाळी मासे सोडा. ह्या बाटलीतले दहा थेंब टाकले की काम झालं." दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँक, खाली पांढरे-निळे खडे, एक हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर. तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. दुकानात फोन केला, तर उत्तर आलं की सगळं पाणी बदला आणि निळं औषध घाला. आम्ही आज्ञाधारक. सगळं पाणी काढलं, खडे घासले, स्पंज नळाखाली धुऊन बाल्कनीत उन्हात वाळवला, नळाचं ताजं पाणी भरलं, निळं औषध घातलं. इतक्या मनापासून केलेल्या चुका मी आयुष्यात फार कमी वेळा केल्या असतील. त्यांतली प्रत्येक कृती चूक होती, हे मला पुढचा दीड महिना हळूहळू कळत गेलं.

ऑफिसात एक सहकारी आहे, त्याच्या घरी सात टँक. डबा खाताना त्याला रडगाणं ऐकवलं. त्याने सहानुभूती वगैरे दाखवली नाही. म्हणाला, "अमोनिया किती होता?"

"अमोनिया कुठून येणार? मी फक्त मासे सोडले होते."

"तेच तर. टँक सायकल केला होतास का?"

'सायकल करणं' हा शब्दप्रयोग मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन सांगितलं तर आईला वाटलं, टँक सायकलवरून आणायचा राहिला म्हणून मासे मेले.

प्रकरण असं आहे. मासा अमोनिया बाहेर टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांमधून, म्हणजे जवळजवळ श्वासाबरोबर. शिवाय न खाल्लेलं खाद्य कुजतं, त्याचा अमोनिया वेगळा. नदीत किंवा तळ्यात तो वाहून जातो, पसरतो, वनस्पती ओढून घेतात. पन्नास लिटरच्या काचेच्या पेटीत तो तिथेच राहतो आणि कल्ले जाळतो. हा अमोनिया खाऊन जगणारे बॅक्टेरिया असतात, ते त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच, ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त चॉकलेटी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मग दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया नायट्राइट खाऊन त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते बेताचं असलं तर माशांना चालतं, झाडांना आवडतं, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की कमी होतं.

हे दोन्ही बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती आधी उभी करायची आणि मग मासे आणायचे, याला म्हणायचं टँक सायकल करणं. मी स्पंज नळाखाली धुतला तेव्हा जे चार-दोन बॅक्टेरिया आले असतील ते क्लोरीनने गेले, उरलेले उन्हाने गेले, आणि त्यातूनही कोणी वाचलं असेल त्यांच्यासाठी ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, होतंच.

"मासे न घालता कर," सहकारी म्हणाला. "माशांना प्रयोगाचं जनावर करू नकोस. अमोनिया बाहेरून दे."

आता अमोनिया आणायचा कुठून? एक गावठी पद्धत म्हणजे कच्ची कोळंबी जुन्या पायमोज्यात बांधून टँकमध्ये टांगायची आणि कुजू द्यायची. हे मी जेवताना बोललो ही आणखी एक चूक. बायको म्हणाली, "अरे, शंभर रुपयांची कोळंबी माणसांनी खायची सोडून हॉलमध्ये कुजवणार?" आईचं तर मूळच वेंगुर्ल्याचं, कोळंबी वाया घालवणं तिच्या हिशेबात पापाच्या यादीत वर येतं. तो मार्ग तिथेच बंद झाला.

मग प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून अमोनियम क्लोराइडची बाटली आणली. पाचशे ग्रॅम. याहून लहान बाटली नव्हती. ओट्यावर ती बाटली, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि औषधाच्या दुकानातली दहा मिलीची सिरिंज मांडून बसलो, तेव्हा आईने पांढरी पूड बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाली, "ह्यो नवसागर मरे!"

खरंच की. कल्हईवाला पितळेचं पातेलं तापवून त्यावर जी पूड टाकायचा, जिचा पांढरा धूर निघायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या, ती हीच. बाजारात नवसागर म्हणून मिळतो तो मात्र मी घेतला नाही. त्यात काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नसतो. पण आईने ओळखल्यावर घरात त्या बाटलीला दुसरं नाव उरलं नाही.

हिशेब सोपा निघाला. एक ग्रॅम नवसागरात साधारण ०.३२ ग्रॅम अमोनिया असतो. ३२ ग्रॅम पूड एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवली की त्या द्रावणाच्या दर मिलीलिटरला दहा मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. माझ्या टँकमध्ये दहा लिटरच्या पाच बादल्या मावतात, म्हणजे पन्नास लिटर. दहा मिली द्रावण टाकलं की शंभर मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम, म्हणजेच दोन पीपीएम. सहकाऱ्याने बजावलं होतं, "पाचाच्या वर नेऊ नकोस. उपाशी पोरांना एकदम जिलबी घातल्यासारखं होईल, बॅक्टेरियाच आडवे पडतील."

दिवाळी आटोपल्यावर पुन्हा सुरुवात केली. टँक घासला, निळं औषध काचेच्या सांध्यांतल्या सिलिकॉनला कायमचं लागलं होतं, ते आजही फिक्कट निळं दिसतं. नवा स्पंज आणला. पाणी महापालिकेचं, त्यात क्लोरीन. ते बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. त्यांना दुकानात 'हायपो' म्हणतात. फोटोच्या काळोख्या खोलीत वापरायचे तेच. पुण्यात नोव्हेंबरच्या रात्री पाणी वीस-एकवीस अंशांवर येतं आणि ह्या बॅक्टेरियांना ऊब लागते, म्हणून शंभर वॉटचा हीटर लावून २८ अंशांवर ठेवलं. पहिले दहा मिली टाकले. वहीत लिहिलं: दिवस ०. अमोनिया २, नायट्राइट ०, नायट्रेट ०, पीएच (पाण्याच्या आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) ७.४.

दिवस १: अमोनिया २, नायट्राइट ०. दिवस २: तेच. दिवस ३: तेच. दिवस ५: तेच. वहीची ती पानं पाहिली तर कोणालाही वाटेल की मी घरी बसून आकडे ठोकून देतोय.

चाचणी म्हणजे काचेच्या नळीत टँकचं पाच मिली पाणी, त्यात थेंब, आणि मग आलेला रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. अमोनियाचा रंग पिवळ्यापासून हिरव्याकडे जातो. ट्यूबलाइटच्या उजेडात मला एक आणि दोन यांत काडीचा फरक दिसेना. बायकोने नळी हातातून घेतली आणि सरळ बाल्कनीत गेली. "साडीचा रंग कधी दुकानाच्या आत बघतात का? दारात नेऊन बघायचा." त्या दिवसापासून सगळ्या चाचण्या सकाळी आठ वाजता बाल्कनीत झाल्या. समोरच्या इमारतीतल्या लोकांना मी रोज कसली तपासणी करतो याबद्दल काय वाटलं असेल, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नायट्रेटच्या चाचणीत वेगळीच गोम होती. तिच्या दुसऱ्या बाटलीतलं द्रव्य तळाशी बसतं. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर नायट्रेट शून्यच दाखवतं. मी सुरुवातीला ती अत्तराच्या बाटलीसारखी नाजूकपणे हलवत होतो.

घराचा हॉल म्हणजे चव्हाटा. दिवाळीनंतर येणारे-जाणारे होतेच. आत दिवा लागलाय, बुडबुडे येताहेत, हीटरचा लाल दिवा लुकलुकतोय, आणि आत खडे. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. आईच्या गावाकडची एक बाई तर टँकला नाक लावून पाच मिनिटं शोधत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मासे खंय आसत?" लेकीने तिला गंभीरपणे सांगितलं, "आत्ता बॅक्टेरिया आहेत. ते लहान असतात."

याच सुमारास महापालिकेच्या आरोग्य खात्याकडून डेंगीच्या डासांच्या अळ्या तपासायला एक ताई आल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला आणि बॅटरी टँकवर मारली. "यात मासे नाहीत?" म्हटलं, नाहीत, महिनाभर येणार नाहीत. "मग साठवलेलं पाणी झालं हे. गप्पी सोडा ना यात, अळ्या खातात." मी त्यांना पाणी हलतं आहे, पंप चालू आहे, डास हलत्या पाण्यात अंडी घालत नाहीत, असं पटवायला लागलो, पुढे अमोनियावर आलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि दारातून जाताना म्हणाल्या, "तरी गप्पी सोडा."

रात्री काही करायला नव्हतं, तर वाचत बसलो. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युन्ट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू भरलेल्या उंच नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपवलं. पहिले काही दिवस खालून अमोनियाच बाहेर येत राहिला. सुमारे तीन आठवड्यांनी अचानक नायट्रेट यायला लागलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर नायट्रेट थांबलं. म्हणजे हे काम वाळूचं नाही, वाळूत राहणाऱ्या कोणातरी जिवंत गोष्टीचं आहे. नळीतल्या वाळूच्या जागी माझा स्पंज ठेवा आणि क्लोरोफॉर्मच्या जागी दुकानदाराचं निळं औषध. दीडशे वर्षांपूर्वी दोघांनी जे मुद्दाम करून पाहिलं, ते मी न कळत चार गोल्डफिशवर केलं होतं.

ते जिवंत कोण, हे विनोग्राड्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या आसपास झुरिचमध्ये शोधून काढलं. त्याआधीच्या लोकांना हे बॅक्टेरिया वेगळे काढता येत नव्हते, कारण ते त्यांना जिलेटिनवर वाढवायला बघत होते, आणि यांना तसलं सेंद्रिय खाणं चालतच नाही. हे अमोनियातून ऊर्जा काढतात आणि शरीर बांधायला कार्बन डायऑक्साइड वापरतात, झाडं वापरतात तसा. फक्त सूर्याऐवजी अमोनिया. त्या धंद्यात फायदा अगदी तुटपुंजा. म्हणून ते सावकाश वाढतात. दुधातले जिवाणू विसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, ह्यांना दिवस-दिवस लागतो. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या धुवणासारखं जे पाणी झालं होतं, ते दुसरे, भराभर वाढणारे जिवाणू होते. माझ्या कामाचे नव्हेत.

आई दही लावता लावता हे ऐकत होती. तिने विचारलं, "मग विरजण का नाही घालत?" प्रश्न रास्त होता. सहकाऱ्याने आधीच सांगितलं होतं की त्याच्या टँकच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा देतो. मी नाही म्हटलं होतं. त्याच्या टँकमधला एखादा रोग सोबत येईल ही भीती होती, हे खरं. आणि आपलं आपण करून बघू हा मराठी माणसाचा ताठाही होता. दुकानात बाटलीबंद बॅक्टेरिया मिळतात, तेही घेतले नाहीत. दुकानातल्या बाटलीवर नायट्रोबॅक्टर असं नाव होतं. पुस्तकांतही बरीच वर्षं नायट्राइट खाणारे म्हणून त्यांचंच नाव असायचं, पण १९९८ मध्ये होव्हानेक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे दुसरे बॅक्टेरिया करतात. पुढे २०१५ मध्ये तर असे नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळं एकटेच करतात.

नवव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत आकाशी रंगावर किंचित जांभळी छटा आली. ०.२५. मी बाल्कनीतून ओरडलो. आत चहा सांडला.

तेराव्या दिवशी अमोनिया शून्य आणि नायट्राइट कार्डावरच्या शेवटच्या रंगाला, पाच. दुसरा डोस दिला, तो तीन दिवसांत संपला. तिसरा दोन दिवसांत. चौथाही दोन दिवसांत. पहिली पाळी कामाला लागली होती, दुसऱ्या पाळीचा मात्र पत्ता नव्हता. नायट्राइटची नळी रोज गडद जांभळी, कार्डाच्या बाहेर. एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी असं पातळ करून मोजलं, तरी पाच. पाच पाचा पंचवीस. वहीत २५ लिहिताना हात जड झाला. हिशेबाने तेवढंच यायला हवं होतं: एक पीपीएम अमोनियाचं सुमारे २.७ पीपीएम नायट्राइट होतं, आणि तोवर नऊ पीपीएमच्या आसपास अमोनिया पचला होता. पण हिशेब जमणं आणि मनाला बरं वाटणं यांचा संबंध नसतो.

विसाव्या दिवशी पाचवा डोस दिला आणि सगळंच थांबलं. अमोनिया एकवर आला आणि तिथेच अडून बसला. एकविसावा दिवस, बाविसावा, तेविसावा. मधल्या गुरुवारी सकाळपासून पाच तास वीज नव्हती, पंप बंद होता. ह्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो, म्हणून मी खापर विजेवर फोडलं. दोन दिवस त्या खात्रीत काढले. चोविसाव्या दिवशी सहकाऱ्याने फोनवर विचारलं, "पीएच बघितलास?"

पहिल्या दिवशी पाहिला होता. ७.४. त्यानंतर पाहिला नव्हता, कारण पीएच कशाला बदलेल? नळी पिवळीधमक निघाली. ६.०, कार्डावरचा सगळ्यात खालचा रंग. खरा आकडा त्याहूनही खाली असेल.

ह्या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ह्या पिवळ्या नळीने. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं. पाण्यातला कार्बोनेटचा साठा, ज्याला केएच म्हणतात, ते आम्ल गिळत राहतो आणि पीएच जागेवर ठेवतो. साठा संपेपर्यंत पीएच हलत नाही. संपला की धाडकन खाली येतो. बँकेतली शिल्लक शून्यावर येईपर्यंत कार्ड चालतच राहतं, तसं. केएचची चाचणी आणली, नळाचं पाणी तपासलं: ३. म्हणजे लिटरला सुमारे ५४ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. अमोनियातल्या दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे यातले ७.१४ मिलिग्रॅम खर्च होतात. नऊ पीपीएम अमोनिया म्हणजे साधारण ७.४ नायट्रोजन. गुणाकार केला: ५३. मी जवळजवळ शेवटच्या पैशापर्यंत खर्च केला होता. आम्ल पाण्यात हे बॅक्टेरिया हात बांधून बसतात. त्यांना वीज-बिज काही नडली नव्हती.

याला एक चांगली बाजूही आहे. पीएच कमी असला की पाण्यातला बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते माशांना फारसं बाधत नाही. पीएच सातवरून आठवर गेला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. म्हणजे आम्ल झालेल्या जुन्या टँकमध्ये कोणी घाईने बोअरवेलचं, जास्त पीएचचं पाणी भरलं, तर कालपर्यंत निवांत फिरणारे मासे आज उलटे दिसू शकतात. सुदैवाने माझ्याकडे मरायला कोणी नव्हतं.

पंचविसाव्या दिवशी अर्धं पाणी बदललं. पाच ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे एक सपाट चमचा, पाण्यात विरघळवून घातला. पन्नास लिटरला तेवढ्याने केएच तीनने वाढतो. आईला आम्ल झालंय एवढं समजलं, त्यावर तिने आपला उपाय काढला. गेल्या रविवारी जेवायला केलेल्या तिसऱ्यांचे शिंपले तिने धुऊन ठेवले होते, कशाला ते तिलाच ठाऊक. शिंपला म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल झालं की हळूहळू विरघळतं, नाही झालं तर पडून राहतं. उकळून, घासून दहा-बारा शिंपले फिल्टरच्या तोंडाशी ठेवले. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात सोसायटीत टँकर आला. टँकरच्या नावाने सगळी इमारत खडे फोडते, गीझर खराब होतात, केस गळतात. मी ते पाणी तपासलं: केएच १२. टँकरच्या पाण्याकडे आदराने पाहणारा आमच्या सोसायटीत तेव्हा मी एकटाच होतो.

आणि ताठा सोडून विरजणही आणलं. सहकाऱ्याने चार बोटं रुंद, तपकिरी, चिखलट स्पंजचा तुकडा त्याच्याच टँकच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून दिला. "वाळू देऊ नकोस आणि नळाखाली धरू नकोस." ऑफिसातून येताना तो डबा मी मांडीवर धरून बसलो होतो. घरी माझ्या फिल्टरला तो रबरबँडने बांधला.

आईचं दही रात्रीत लागतं. आमचं लागायला आणखी आठवडा गेला, पण यावेळी दिसत होतं. अडलेला अमोनिया दोन दिवसांत गेला. एकोणतिसाव्या दिवशी नायट्राइट उतरायला लागलं, तिसाव्याला दोन, बत्तिसाव्या दिवशी सकाळी नळीत स्वच्छ आकाशी रंग. मला तो रंग एखाद्या साडीचा असता तर घेतलीच असती. लगेच डोस दिला. दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट ०.५. चौतिसाव्याला पुन्हा डोस, नायट्राइट ०.२५. छत्तिसाव्याला डोस, चोवीस तासांनी दोन्ही शून्य. खात्री म्हणून सदतिसाव्याला आणखी एक. अडतिसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता बाल्कनीत दोन नळ्या उन्हात धरल्या. एक पिवळी, एक आकाशी. नायट्रेटची तिसरी नळी मात्र लालभडक, ४० च्या वर.

ते नायट्रेट कमी करायला पस्तीस लिटर पाणी काढायचं होतं. मी पाइप मोरीकडे न्यायला लागलो तर आईने वाट अडवली. वेंगुर्ल्याला मासळी धुतलेलं पाणी कधी मोरीत जात नाही, ते माडाच्या आळ्यात जातं. इथे माड नाही, पण बाल्कनीत कढीलिंब आहे, अळू आहे, तुळस आहे. साडेतीन बादल्यांतलं पाणी तिने तांब्यातांब्याने झाडांना घातलं, उरलेलं खाली प्राजक्ताला नेऊन ओतलं. तिथे कोण आहे ते लेकीने तिला पुन्हा एकदा सांगितलं.

गोल्डफिश पुन्हा आणले नाहीत. ते घाण खूप करतात आणि मोठे होतात, त्यांना दोन फुटी टँक म्हणजे वन रूम किचनमध्ये बिऱ्हाड. सहा झेब्रा डॅनियो आणले. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, मग वाटी-वाटीने टँकचं पाणी पिशवीत घातलं, मग जाळीने मासे टँकमध्ये. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतलं नाही. लेक सोफ्यावर मांडी घालून बसली होती. तिने पाच वेळा मोजले आणि पाचही वेळा सहा भरले.

दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य. सातव्या दिवशी शून्य. स्पंज मी आता टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, तगारीत दोनदा दाबून धुतो, तेही महिन्यातून एकदा. आरोग्य खात्याच्या ताई परत आल्या, बॅटरी मारली, मासे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. ते गप्पी नाहीत हे मी सांगितलं नाही.

पाचशे ग्रॅमच्या बाटलीतून बत्तीस ग्रॅम काढले होते, त्यातलेही जेमतेम तीन वापरले गेले. बाटलीत ४६८ ग्रॅम शिल्लक आहे. आई म्हणते, माळ्यावर पितळेची दोन पातेली आहेत, आता कल्हईवाला शोध.